गुरुनाथचा जानेवारी

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल या उपनगरातल्या मराठी माणसाला घर बदलायचं असलं, सासू-सासऱ्यांना विमानतळावरून आणायचं असलं किंवा गणपतीत खुर्च्या लावायला कुणी मिळत नसलं, की फोन जातो गुरुनाथ टिपणीसला. गुरुनाथ लगेच ‘हो हो, येतो ना’ म्हणतो. मग फोन ठेवतो आणि कपाळावर हात मारून घेतो. हा क्रम कधी चुकला नाही.

भिडस्त माणसं आपल्यात पुष्कळ. पण गुरुनाथची भीड म्हणजे दुखणंच होतं. ठाण्याला असताना एका दुकानदाराने त्याच्या पुढ्यात बुटांचा ढीग घातला. एवढी मेहनत करून घेतली, आता उठून कसं जायचं, म्हणून या पठ्ठ्याने टाचेला चावणारा जोड विकत घेतला आणि फोड आले तरी दिवाळीपर्यंत वापरला. लग्नाचंही तेच. ‘मला तू पसंत आहेस, तुझं काय?’ असं नीताने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तोंडावर विचारलं आणि तो हो म्हणाला. ‘खरं सांग, मनापासून म्हणालास की भिडेपोटी?’ असं ती त्याला अजून चिडवते. तो अजून लाजतो.

नीता वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिचं सगळं रोखठोक. मराठी मंडळाच्या पॉटलकला चाळीस माणसांची पुरणपोळी करशील का, असं कुणी विचारलं की ती ‘नाही हो, जमणार नाही’ म्हणते आणि पुढच्या वाक्याला हवापाण्यावर बोलू लागते. समोरच्यालाही काही वाटत नाही. गुरुनाथला मात्र शेजारी उभ्या उभ्या घाम फुटतो.

तर अशा माणसाला जानेवारी महिन्याने पकडलं ते २०१३ साली.

ऑफिसातला त्याचा मॅनेजर एक दिवस टेबलाशी आला. म्हणाला, आम्ही काही जण व्हांगानुई नदीवर कनू घेऊन चाललोय, एक माणूस कमी पडतोय, ‘यू कीन?’ गुरुनाथ टीममध्ये नवा, आणि साहेब स्वतः चालत आलेला. गुरुनाथ म्हणाला, ‘स्वीट ॲज.’ ‘एकदम झकास’ अशा अर्थाचे हे इथले शब्द तो नुकतेच शिकला होता आणि कुठेतरी वापरायला बघत होता. कनू म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीवर पायाने चालवायच्या होड्या असतात तसलं काहीतरी असेल, अशी त्याची समजूत. जरा वेळ फिरायचं, भेळ खायची, घरी.

कुठली भेळ न् काय! कनू म्हणजे लांबुळकी, उघडी होडी. एक जण पुढे बसून वल्हं मारतो, एक मागे बसून दिशा धरतो, आणि मधे तीन दिवसांचं सामान भरलेली प्लास्टिकची पिंपं दोरीने बांधलेली. नदी डोंगर चिरत जाते. दोन्ही अंगांना उंच मातकट कडे, त्यांवर नेचे आणि शेवाळ, वर कुठेतरी रानबकऱ्या. रस्ता नाही, फोनला रेंज नाही. एकदा होडी पाण्यात घातली की बाहेर पडायची वाट एकच, नदी नेईल तिकडे, थेट पिपिरिकीच्या धक्क्यापर्यंत. गुरुनाथने हे ऐकलं तेव्हा तो अंगात लाइफ जॅकेट घालून काठावर उभा होता.

होड्या भाड्याने देणाऱ्याने सूचना सांगितल्या आणि शेवटी विचारलं, ‘ज्याला पोहता येत नाही त्याने हात वर करा.’

आता बघा. तलावांच्या गावात जन्म गेलेला हा माणूस, पण त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी सुट्टीत मामाने त्याच्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. सगळी पोरं अशीच शिकली. हा एकटा डब्यासकट तळ बघून आला आणि त्यानंतर पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करायला लागला. तर हात वर करायची वेळ आली, आणि गुरुनाथने बाजूला पाहिलं. साहेब उभा, टीम उभी. आपल्यापायी सगळ्यांची सहल मोडेल. हात कमरेपर्यंत गेला आणि त्याने लाइफ जॅकेटचा पट्टा नीट केल्यासारखं केलं.

तीन दिवस जीव मुठीत धरून त्याने वल्हं मारलं. घरी आल्यावर फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेले, आणि झालं! ‘गुरुनाथ, तू तर छुपा रुस्तम निघालास’, ‘पुढच्या वर्षी आम्हाला पण ने’. गुरुनाथने हसरा चेहरा टाकला. त्याच्या मनात ‘बघू या’ होतं. मंडळाने तो होकार धरला, कारण त्याच्याकडून दुसरं काही कधी आलंच नव्हतं.

पुढच्या जानेवारीत तो माणसं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या जानेवारीतही. दर वर्षी वेलिंग्टनच्या सुट्टीचा लांब शनिवार-रविवार आला की ‘टिपणीसांची कनू ट्रिप’. लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणू लागले. दर वर्षी काठावर तोच प्रश्न यायचा, आणि हा आता आमच्यात सगळे पट्टीचे पोहणारे आहेत अशा थाटात मान डोलवायचा. डिसेंबर लागला की हा रात्र रात्र जागा असायचा. नीताला अर्थात सगळं ठाऊक होतं. ‘एक तर पोहायला शीक, नाहीतर सांगून टाक,’ ती म्हणायची. ‘दोन्ही जमत नसेल तर माझ्यासमोर रात्रभर कूस बदलत बसू नकोस.’

‘एवढी माणसं आशेनं असतात गं.’

‘मग बुड त्यांच्या आशेपायी,’ ती म्हणायची, आणि नंतर स्वतःच जीभ चावायची.

आणि २०१५ साली तो बुडालाच होता, जवळजवळ. मुलगी ओवी तेव्हा दहा वर्षांची. ती पुढे बसलेली, हा मागे. एका धावत्या पाण्यात होडी आडवी झाली, दगडाला लागली आणि उलटली. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण गुरुनाथ होडीखाली गेला. डोळ्यांपुढे अंधार, नाकातोंडात पाणी, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. मामाची विहीर आठवली. तेवढ्यात हाताला पिंपांची दोरी लागली. ती त्याने असेल नसेल ती ताकद लावून धरली, धरूनच ठेवली, आणि कसातरी उथळ पाण्यात आला. ओवी त्याच्या शेजारी खोकत उभी होती. बाकीच्या होड्या जवळ आल्या तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं कॅप्टनने मुद्दाम उलटवून दाखवली. गुरुनाथने धापा टाकत सांगितलं, ‘प्रात्यक्षिक होतं हे. होडी उलटली तर घाबरायचं नाही.’ बोलताना त्याचे दात वाजत होते. ओवी त्याच्याकडे बघत राहिली होती.

आता तरी हा सुटेल, असं नीताला वाटलं. त्यालाही वाटलं. त्या वर्षी त्याने मंडळाला सांगायचं वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं. पण घोडं अडलं ते भलतीकडे. पुढच्या मोसमाची बोलणी निघाली तेव्हा ओवी, जिला तोवर चिखल, डास आणि झोपायच्या पिशव्या यांचा मनापासून तिटकारा होता, ती म्हणाली, ‘आय’म कमिंग. विथ बाबा. सेम कनू.’ आणि तेवढ्यावर थांबली नाही. तिने पोहण्याचा क्लास लावून घेतला, मग बुडणाऱ्याला वाचवायचा. दर शनिवारी सकाळी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, पिशवीत घालून तयार. गुरुनाथ तिला पूलवर सोडायचा आणि बाकावर बसून काचेतून बघायचा. पोरगी एका मोठ्या माणसाएवढ्या रबरी बाहुल्याला हनुवटीखाली धरून पाण्यातून ओढत काठाला आणायची. त्याला अभिमानाने भरून यायचं. पोरीला पाण्याचं वेड लागलंय, माझ्यामुळे लागलंय!

मग आता ट्रिप बंद कशी करणार? मंडळाला एक वेळ तोंड दिलं असतं हो. पण ओवीला वर्षातून एकदा बापाबरोबर होडीत बसायला मिळतं, ते कसं तोडायचं? तिने चौदा वर्षांची झाल्यावरही कधी चुकवलं नाही. होडीत पुढे बसून वल्हं मारता मारता ती दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघायची. आपण दिशा बरोबर धरतोय का, बाबाला बरं वाटतंय का, असं विचारल्यासारखी. तो अंगठा वर करायचा. पोरीच्या या एका नजरेसाठी त्याने सगळे जानेवारी सोसले. नीताला त्याने तसं बोलूनही दाखवलं होतं. ती काहीतरी म्हणणार होती, आणि मग नुसतीच त्याच्याकडे बघून चहा गाळायला लागली.

२०१९च्या जानेवारीत तीन होड्या होत्या. एकीत गुरुनाथ आणि ओवी. दुसरीत ईस्ट टामाकीच्या एका गोदामात इंजिनिअर असलेला रमण आणि त्याची नवी बायको सुरेखा, दोघंही ऑकलंडहून मुद्दाम आलेली. आणि तिसरीत जयवंतराव आणि अनुराधाताई. जयवंतराव मंडळाचे नवे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हे, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण ‘अरे काय होतंय, चल रे’ हा त्यांचा तकिया कलाम, आणि त्यापुढे गुरुनाथचं कधी काही चाललं नाही. अनुराधाताईंनी सोमवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं होतं. हॉल घेतलेला, वेलिंग्टनभरच्या बायकांना आमंत्रणं गेलेली, वाण म्हणून द्यायच्या डब्या गॅरेजमध्ये रचून ठेवलेल्या. तिळाच्या लाडवांचं एक पिंप तर होडीतच होतं, कारण घरी ठेवले तर मुलं संपवतील. रविवारी संध्याकाळी घरी पोचायचं, सोमवारी हळदीकुंकू. हिशेब चोख होता.

शुक्रवारची पहिली रात्र नदीकाठच्या उंचावरल्या, प्रवाशांच्या मुक्कामाच्या हटमध्ये गेली. पहाटे पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. सकाळी गुरुनाथ काठावर गेला तर काल होड्या ओढून ठेवलेली वाळूची पट्टी गायब होती. नशीब, हटची वॉर्डन मेरे हिने रात्रीच होड्या वर घ्यायला लावून झाडांना बांधायला सांगितल्या होत्या. पन्नाशीची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. कुणीही आलं की आधी ‘किया ओरा’ असा रामराम, मग चहा, मग नियम. तिच्या रेडिओवर वरच्या अंगाला आणखी पाऊस असल्याची बातमी होती. ‘आज कुणी हलायचं नाही,’ ती म्हणाली. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनी पत्ते खेळले, खिचडी केली, तिथेच अडकलेल्या दोन जर्मन पोरांना खाऊ घातली. लाडवांचं पिंप उघडायचं नाही, असं अनुराधाताईंनी बजावून ठेवलं.

गुरुनाथ मात्र सारखा उठून पायऱ्यांशी जायचा. नदीकडे उतरणाऱ्या मातीच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. पाणी दुधाळ चहासारखं दिसत होतं आणि त्यातून अख्खी झाडं मुळांसकट वाहत चालली होती. आवाज तर असा, की हटमध्येही बोलताना ओरडावं लागे. मागे डोंगर, रान, चिखल. चालत जायला वाट नाही. त्याला वाटलं, आपण इथे आजच अडकलेलो नाही, इतकी वर्षं अडकलोय, फक्त पाणी आज वर आलंय.

रविवारी सकाळी पाऊस थांबला. नदी तशीच होती, पण वर निळं आभाळ दिसलं आणि जयवंतरावांना चेव आला.

‘चला, आवरा रे! पाणी जोरात आहे म्हणजे उलट बरं, वल्हं मारायलासुद्धा नको. संध्याकाळपर्यंत पिपिरिकी.’

‘मेरेला विचारलंत?’ रमणने विचारलं.

‘विचारलं की. ती म्हणाली, ‘‘आय वुडन्ट, बट इट्स अप टू यू.’’ म्हणजे आपल्यावर आहे.’

गुरुनाथच्या पाचावर धारण बसली. तो या देशात बराच मुरला होता. इथलं माणूस ‘मी जाणार नाही, पण तुमचं तुम्ही बघा’ म्हणतं, तेव्हा ते आपल्याकडच्या ‘तंगडं मोडून हातात देईन’ एवढंच कडक असतं. पण आपल्या लोकांना कुणी आरडाओरडा करून अडवलं नाही, की वाट मोकळी वाटते. आणि हे जयवंतरावांना समजावून सांगायचं तर मधे ‘नाही’ हा शब्द येणार होता.

‘जयवंतराव, जरा दुपारपर्यंत बघू या का?’ तो म्हणाला.

‘दुपारपर्यंत बघून सोमवारचं काय करायचं? अरे, ऐंशी बायका येतायत! अनुराधाने महिनाभर खपून केलंय सगळं. हॉलची चावी माझ्या खिशात आहे, इथे! फोन लागत नाही की निरोप देता येत नाही. उद्या त्या सगळ्या नटूनथटून हॉलच्या दारात उभ्या राहिल्या, की तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तू कॅप्टन आहेस ना? मग काय घाबरतोस! चल रे, काय होतंय.’

अनुराधाताई खाली मान घालून झोपायच्या पिशवीची गुंडाळी करत होत्या. सुरेखाने रमणचा हात धरला होता. रमण गुरुनाथकडे बघत होता, त्याने काय ते ठरवावं म्हणून. ओवी मात्र उठली. तिने आपलं लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले, मग बापाचं जॅकेट उचलून त्याच्यापुढे धरलं आणि त्याचेही पट्टे स्वतः ओढून पाहिले. चौदा वर्षांची पोर. तिचे ओठ पांढरे पडले होते.

ते ओठ पाहिले आणि गुरुनाथला कळलं, की आपण पाण्यात उतरणार. जयवंतराव आणखी एकदा ‘चल रे’ म्हणतील आणि आपण उतरणार. ही पुढे बसणार आणि मी मागे. त्या झाडांमध्ये. नाही म्हण, तो स्वतःला म्हणाला. अरे, म्हण ना! आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

‘मला पोहता येत नाही.’

सगळे थांबले. जयवंतरावांना वाटलं हा थट्टा करतोय. ते हसले, मग हसायचे थांबले.

‘म्हणजे?’

‘म्हणजे येतच नाही. कधीच येत नव्हतं.’ गुरुनाथच्या कानशिलांना आग लागली होती. ‘इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांना घेऊन आलो. सांगायचं राहून गेलं.’

सांगायचं राहून गेलं! जणू कुणाच्या बारशाचं आमंत्रण द्यायचं राहिलं. सुरेखाच्या तोंडातून ‘अगं बाई’ निघालं. रमण मटकन बाकावर बसला. आणि जयवंतराव? आपल्या माणसाला संकट सांगितलं की तो चिडत नाही, लगेच सोय लावायला घेतो. पाय पसरून उभे राहत ते म्हणाले, ‘बरं. मग असं करू. गुरुनाथ माझ्या होडीत, मी मागे. रमण आणि सुरेखा जास्तीचं सामान घेतील. ओवीला पोहता येतं, ती अनुराधाबरोबर. दोऱ्यांनी तिन्ही होड्या एकमेकींना बांधू. झालं! सुटला प्रश्न.’

गुरुनाथने डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, आणि त्याचं उत्तर एवढंच, की त्याला दुसऱ्या होडीत बसवलं. आता तरी नाही म्हण. त्याचे ओठ हलले. ‘ठीक आहे,’ असं काहीतरी त्यांच्यातून येऊ घातलं होतं.

‘नो!’ ओवी ओरडली.

ती इतकी मोठ्याने ओरडली, की पलीकडची जर्मन पोरं उठून बसली. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्रजीच. मंडळातल्या लोकांना तिचा आवाजच फारसा ठाऊक नव्हता. आता ती बोलायला लागली आणि थांबेना.

‘ही कान्ट स्विम. आय नो. आय’व्ह ऑलवेज नोन!’

होडी उलटली तेव्हा ती दहा वर्षांची होती, ती सांगत होती. ती बाहेर आली होती, तिला श्वास मिळाला होता, आणि मग खालून कुणीतरी तिचा पाय धरला. तो बाबा होता. तो तिला खाली ओढत होता आणि सोडत नव्हता. तिने दुसऱ्या पायाने दगड चाचपला आणि दोघांना उथळ पाण्यात रेटलं. नंतर सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून ती काही बोलली नाही.

‘मी दोरी धरली होती,’ गुरुनाथ पुटपुटला. ‘पिंपाची.’

‘इट वॉज माय लेग, बाबा.’



गुरुनाथला ती पकड आठवली. जाडसर, ओली, हिसके देणारी ती दोरी. दोरी हिसके कशाला देईल, हे त्याच्या इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

‘मग तू दर वर्षी का आलीस?’ त्याने विचारलं. ‘तुला आवडतं म्हणून मी... मी तर तुझ्यासाठी येत होतो, ओवी. नाहीतर केव्हाच बंद केलं असतं.’

‘आवडतं? आय हेट इट! आय हेट द मड, आय हेट द कोल्ड, आय हेट जॅन्युअरी!’ आता ती रडत होती, आणि नाक बाहीला पुसत होती. ‘यू’ड नेव्हर से नो टू देम. सो आय थॉट, समवन हॅज टू सिट इन युअर कनू. मम नोज.’

म्हणजे नीतालाही ठाऊक होतं. म्हणून तो क्लास. म्हणून तो रबरी बाहुला, मोठ्या माणसाएवढा. आणि होडीत पुढे बसून ती सारखी मागे वळून बघायची, ते दिशेसाठी नव्हे. मागे माणूस अजून बसलेला आहे ना, एवढंच ती बघत होती. आणि हा अंगठा वर करायचा.

गुरुनाथ खाली बसला. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला गुडघ्यांत डोकं घालून नीट रडताही येत नाही. जॅकेट हनुवटीला लागतं. तो तसाच वेडावाकडा रडला, सगळ्यांसमोर. ओवी त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, क्लासमध्ये शिकवतात तसा, सपाट आणि घट्ट.

अनुराधाताईंनी हातातली पिशवी खाली टाकली.

‘कुणी कुठे जायचं नाही,’ त्या म्हणाल्या.

‘अगं, पण उद्या...’

‘अहो, हळदीकुंकू गेलं खड्ड्यात!’ त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की अध्यक्षांनी मूग गिळले. ‘बायका दारातून परत जातील. चार शिव्या देतील मला. देऊ देत. या पोरीने एवढ्या वर्षांत कुणाला शिवी दिली?’ मग त्यांनी लाडवांचं पिंप ओढून पुढे घेतलं, झाकण काढलं आणि पहिला लाडू ओवीच्या हातात ठेवला. ‘तिळगूळ घे,’ त्या म्हणाल्या. पुढचं, गोड बोल वगैरे, त्यांच्याने बोलवलं नाही. सोमवारच्या ऐंशी बायकांचे लाडू मग मेरेने खाल्ले, जर्मन पोरांनी खाल्ले, आणि संध्याकाळपर्यंत जयवंतरावही पिंपाशी घुटमळताना दिसले.

मेरेने सगळं ऐकलं होतं. भाषा कळली नाही तरी कळायचं ते कळलं होतं. ती पायऱ्यांपाशी गुरुनाथच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, ‘गुड कॉल.’ माझा नव्हता तो निर्णय, असं तिला सांगायची गुरुनाथला भीड वाटली नाही. ‘माझ्या मुलीचा,’ तो म्हणाला. मेरे म्हणाली, ते मला माहीत आहे, मी तिलाच म्हणणार होते, ती आहे कुठे?

मंगळवारी पाणी उतरलं. काठावरचा चिखल पायाच्या घोट्यावर चढत होता, पण नदी पुन्हा हिरवी दिसू लागली होती. मेरेने स्वतः काठाशी येऊन ‘आता जा’ म्हटलं. गुरुनाथ पुढे बसला, ओवी मागे. दिशा तिने धरली. धावतं पाणी आलं की ती ‘लेफ्ट, बाबा’ किंवा ‘हार्ड, हार्ड’ म्हणायची आणि तो वल्हं मारायचा. भीती होतीच, ती कुठे जाणार? पण मधेच तो मान वळवून मागे बघायचा. ती बसलेली असायची. वाटेत आणखी एका हटवर मुक्काम झाला आणि बुधवारी ते पिपिरिकीच्या धक्क्याला लागले.

धक्क्यावर गर्दी होती. अडकलेले सगळे आज बाहेर पडत होते. जयवंतराव चिखलाने माखले होते, पण सुटलो या आनंदात त्यांची कळी खुलली होती. त्यांनी गुरुनाथच्या पाठीवर थाप मारली.

‘काय रे कॅप्टन! झालं ते झालं. आयुष्यभर सांगायला गोष्ट झाली. आता तू पोहायला शीक मस्तपैकी, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा येऊ. काय? ठरलं ना?’

रमण हसला. सुरेखा हसली. गुरुनाथच्या तोंडात ‘बघू या’ तयार होतं, जिभेच्या टोकावर, नेहमीच्या जागी. त्याने ओवीकडे पाहिलं. ती पिंपाची दोरी सोडत होती. तिच्या तळहातांवर फोड आले होते आणि गाठ सुटत नव्हती. तिने वर पाहिलं नाही. उत्तर तिला पाठ होतं.

‘नाही,’ गुरुनाथ म्हणाला.

त्याला वाटलं, आता काहीतरी होणार. जयवंतरावांचा चेहरा पडेल, कुणीतरी ‘अरे, पण’ म्हणेल, काहीतरी मोडेल.

‘बरं,’ जयवंतराव म्हणाले, आणि वाकून आपलं पिंप उचलायला लागले. ‘रमण, त्या बाजूने धर रे जरा.’

एवढंच. बरं! सात वर्षं ज्याच्या भीतीने हा माणूस पाण्यात उतरला, पोरीलाही घेऊन उतरला, त्याची किंमत एवढी निघाली. नीताला हे आधीपासून ठाऊक होतं. गुरुनाथ ओवीकडे गेला, तिच्या हातातली गाठ आपल्या हातात घेतली आणि दातांनी धरून सोडवली.

‘तुझ्या पायाला वळ उठला होता का तेव्हा?’ त्याने विचारलं. ‘मी धरला होता तिथे?’

ओवीने सुटलेली दोरी ओढून घेतली. खोटं सांगावं की खरं, हे ती ठरवत होती. बापाचाच स्वभाव तो, कुठे जाणार.

‘हो,’ ती म्हणाली. मराठीत म्हणाली. ‘खूप दिवस होता.’